ई-टपालाचे दप्तर : पत्रे शाबूत, सूची चुकलेली



दप्तराची वाटणी आणि फेरमांडणी खानदेशाला नवी नाही. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव व पश्चिमेचे धुळे झाले. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. अशा प्रत्येक प्रसंगी गठ्ठे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातात. अभिलेख कक्षात काम केलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यास ठाऊक आहे की, या हलवाहलवीत कागद क्वचितच नाहीसा होतो. नाहीशी होते ती त्याची जागा. कागद नव्या फडताळात पोहोचतो आणि नोंदवहीत मात्र जुन्याच फडताळाचा क्रमांक राहतो. मग शोधणारा रिकाम्या हाताने परततो व "कागद आढळून येत नाही" असा शेरा मारून मोकळा होतो.

कार्यालयातील ईमेलच्या बाबतीत आज नेमके हेच घडते. ग्रामपंचायत, शाळा, तलाठी सजा, पंचायत समिती यांचा पुष्कळसा पत्रव्यवहार आता संगणकावरून चालतो. संगणक बिघडतो, हार्ड डिस्क निकामी होते किंवा नवे यंत्र येते. बॅकअप म्हणून काढून ठेवलेली राखीव प्रत नव्या यंत्रावर बसविली जाते. ईमेलचे सॉफ्टवेअर उघडावे, तर फोल्डर रिकामे दिसते. एका पत्रावर टिचकी मारली असता भलतेच पत्र उघडते. किंवा सूचीची फाइल उघडता येत नसल्याची सूचना पडद्यावर झळकते. "सगळे मेल गेले" असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. बहुतेक वेळा तो निष्कर्ष चुकीचा असतो. खरा धोका त्यानंतर घाईने केल्या जाणाऱ्या उपायांत आहे.

पत्रांची फाइल आणि सूचीची फाइल

हा दोष समजून घेण्यासाठी थंडरबर्ड या विनामूल्य सॉफ्टवेअरचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. संगणकावर साठविलेल्या प्रत्येक फोल्डरसाठी हे सॉफ्टवेअर सामान्यतः दोन फाइली ठेवते. पहिली फाइल पत्रांची. तीत सर्व पत्रे एकाखाली एक अशी लिहिलेली असतात. या पद्धतीस 'एमबॉक्स' म्हणतात व ती युनिक्स प्रणालीपासून चालत आलेली आहे. या फाइलीच्या नावापुढे कोणतीही जोडअक्षरे नसतात. दुसरी फाइल सूचीची. तिचे नाव तेच, परंतु शेवटी 'एमएसएफ' ही अक्षरे असतात. कोणते पत्र मोठ्या फाइलीत नेमके कोठे सुरू होते, याची नोंद या सूचीत असते.

पहिली फाइल म्हणजे गठ्ठा आणि दुसरी म्हणजे आवक नोंदवही. पडद्यावर प्रेषक, विषय व दिनांक यांची जी यादी दिसते, ती नोंदवहीवरून तयार होते. राखीव प्रत घेताना सॉफ्टवेअर चालू असेल, किंवा गठ्ठा एका दिवसाचा आणि नोंदवही दुसऱ्या दिवसाची असेल, तर दोहोंचा मेळ बसत नाही. पत्रे असतात, परंतु नोंदवही वाचकास चुकीच्या पानावर नेऊन सोडते.

दुरुस्तीचा क्रम

अशा वेळी पहिले काम थांबण्याचे आहे. सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद करावे आणि राखीव प्रतीची आणखी एक प्रत काढावी. पुढील सर्व प्रयोग या दुसऱ्या प्रतीवर करावेत. मूळ राखीव प्रतीस हात लावू नये.

दुसरे काम कपाट तपासण्याचे. नव्या यंत्रावर थंडरबर्ड प्रथम उघडले की ते 'प्रोफाइल' नावाचे एक नवे, रिकामे कपाट तयार करते. जुने कपाट शेजारीच असते आणि सॉफ्टवेअर मात्र नव्या कपाटात पाहत असते. म्हणून सध्या कोणते प्रोफाइल वापरात आहे, याची प्रथम खात्री करून घ्यावी.

तिसरे काम पत्रांच्या फाइलीचा आकार पाहण्याचे. ही फाइल पूर्वीइतकीच मोठी असेल, तर पत्रे शाबूत असल्याची ती चांगली खूण आहे. ती शून्य आकाराची किंवा अर्धवट असेल, तर दोष प्रत काढण्यातच झालेला आहे. याचे एक नेहमीचे कारण पेनड्राइव्ह हे होय. अनेक पेनड्राइव्ह 'फॅट ३२' या पद्धतीने आखलेले असतात व त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. वर्षानुवर्षे साठलेला 'इनबॉक्स' ही मर्यादा सहज ओलांडतो. तेव्हा मोठ्या फोल्डरांची वर्षवार विभागणी करणे किंवा पेनड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने आखून घेणे इष्ट ठरते.

पत्रे असल्याची खात्री पटली की सूची नव्याने बांधावी. त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' असे बटण असते. ते दाबले की सॉफ्टवेअर पत्रांची फाइल आरंभापासून वाचून नवी सूची तयार करते. तेवढ्याने भागले नाही, तर सॉफ्टवेअर बंद करून केवळ 'एमएसएफ' फाइल बाजूस काढावी. पुन्हा उघडल्यावर नवी सूची तयार होते. त्याच नावाची, जोडअक्षरे नसलेली फाइल पुसली जाणार नाही, याची कटाक्षाने काळजी घ्यावी. कारण पत्रे तीतच असतात.

दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा देऊ नये. फोल्डरातून काढलेले पत्र लगेच नष्ट होत नाही. त्यावर केवळ खूण केली जाते. 'कॉम्पॅक्ट' केल्यावर ते कायमचे जाते. मेळ न बसलेल्या दप्तरावर ही आज्ञा देणे म्हणजे यादी न तपासता गठ्ठे रद्दीत घालणे होय.

इतकेही करून सूची उघडत नसेल, तर आणखी तीन कारणे पाहावीत. फोल्डरात फोल्डर आणि त्यांना लांबलचक नावे दिली की फाइलीचा पत्ता वाढत जातो. विंडोजमध्ये अशा पत्त्याची मर्यादा परंपरेने २६० अक्षरांची आहे. सीडीवरून उतरविलेल्या जुन्या फाइलींना 'केवळ वाचनासाठी' हा गुण चिकटून राहिलेला असतो. तो काढावा लागतो. तिसरे म्हणजे, विषाणूरोधक सॉफ्टवेअर एखाद्या संशयास्पद पत्रासाठी संपूर्ण फाइलच अटकावून ठेवू शकते.

आउटलुक वापरणाऱ्या कार्यालयांत पत्रे, फोल्डर आणि सूची हे सारे बहुधा 'पीएसटी' या एकाच फाइलीत असते. तिच्या दुरुस्तीसाठी 'स्कॅनपीएसटी' हे साधन आउटलुकसोबतच मिळते. तेही प्रतीवरच चालवावे.

मूळ प्रत कोठे आहे?

प्रत्येक कार्यालयाने एका प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवले पाहिजे : पत्रांची मूळ प्रत कोठे आहे? खाते 'आयमॅप' पद्धतीने जोडलेले असेल, तर पत्रे सर्व्हरवर राहतात आणि संगणकावरील प्रत पुन्हा उतरवून घेता येते. 'पॉप' पद्धतीत पत्रे संगणकावर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकली जात असतील, तर कार्यालयातील तो संगणक हाच एकमेव अभिलेख कक्ष ठरतो. पुनःस्थापनेनंतर काही वेळा तीच पत्रे दुसऱ्यांदा उतरतात. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. दुबार पत्रे सावकाश काढता येतात. गेलेले पत्र परत आणणे मात्र कठीण असते.

नागरिकाचा हक्क

हा विषय केवळ संगणक चालकाचा आहे, असे कोणी समजू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील 'माहिती' या संज्ञेत ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध करून ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करताना तो कोठून आला, कोठे गेला आणि कोणत्या दिवशी व वेळी, हे ओळखता येईल असा तपशील उपलब्ध असावा, अशी अपेक्षा आहे.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो? रावेर किंवा यावल तालुक्यातील एखाद्या केळी उत्पादकाने वादळी वाऱ्यानंतर नुकसानीची सूचना मुदतीत ईमेलने पाठविली असेल, तर त्याचा सारा आधार त्या पत्राच्या दिनांकावर आणि वेळेवर असतो. साक्री तालुक्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या सेवेचा तपशील मुख्याध्यापकांनी वर्षापूर्वी कळविला असेल, तर त्याचे निवृत्तिवेतन त्या पत्रावर अडून राहू शकते. "मेल सापडत नाही" हे तीन शब्द कार्यालयास सोपे वाटतात. समोरच्या माणसास ते एका हंगामाचे किंवा एका आयुष्याचे मोल पडू शकतात.

धुळ्याचा धडा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि त्यांनी जमविलेल्या साधनांच्या जतनासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगावी हिंडून त्यांनी जुनी दप्तरे मिळविली. ती सर्व क्रमवार लावलेली मिळणे शक्यच नव्हते. परंतु यादी नाही म्हणून कागद टाकून देण्याचे पाप त्यांनी केले नाही. आधी कागद राखला गेला आणि याद्या मागाहून झाल्या. कागद असेल तर यादी केव्हाही करता येते. यादीवरून कागद निर्माण करता येत नाही. ई-टपालाच्या दप्तरासही हाच नियम लागू आहे.

म्हणून प्रत्येक कार्यालयाने काही साधे दंडक पाळावेत. सॉफ्टवेअर बंद करूनच राखीव प्रत घ्यावी. प्रतीवर दिनांक लिहावा आणि मुख्य फोल्डरांतील पत्रांची संख्या नोंदवहीत टिपावी. पुनःस्थापनेनंतर त्याच संख्येशी ताळा करावा. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. पांझरा आणि गिरणा काठच्या गावांस याचे कारण सांगण्याची गरज नाही. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली राखीव प्रत ही केवळ एक आशा असते.

पंचायत सदस्यांनी मासिक सभेत याविषयी एक प्रश्न विचारावा, मुख्याध्यापकांनी वर्षारंभी एकदा तपासणी करावी आणि अधिकाऱ्यांनी दप्तर तपासणीत ई-टपालाचाही समावेश करावा. यास मोठा खर्च लागत नाही. लागते ती, गठ्ठा बांधताना जुन्या कारकुनांच्या अंगी असणारी सावधानता.