मज्जेचा जमाखर्च

महाड शहराच्या बाजारपेठेत आषाढात सावित्रीचे पाणी शिरते आणि त्याच महाड-पोलादपूरच्या डोंगरावरील वाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. या टंचाईपायी पिंपांतून जपून साठवलेले, झाकण नसलेले स्वच्छ पाणी हेच डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीचे अंडी घालण्याचे आवडते ठिकाण होय.

मग घरात कोणाला ताप येतो आणि साऱ्या मंडळींचे चित्त प्रयोगशाळेच्या कागदावरील एकाच रकान्यात गुंतते: प्लेटलेट किती उतरल्या? परंतु या आकड्याचा उगम रक्तात नसून छातीच्या, कमरेच्या व मणक्यांच्या हाडांतील तांबड्या मज्जेत आहे. तेथे मेगाकॅरिओसाइट नावाची अजस्र पेशी असते; तिचे केंद्रक विभागल्यावाचून वारंवार दुणावत जाते, आणि पूर्ण वाढ झाली म्हणजे ती आपले लांब तंतू मज्जेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत सोडते. त्या तंतूंचे तुकडे म्हणजेच प्लेटलेट. निरोगी शरीरात त्या दररोज सुमारे १०० अब्ज निपजतात! १९६० च्या दशकात थायलंडमध्ये डेंग्यूच्या रुग्णांची मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली, तेव्हा तापाच्या आरंभी ती विरळ झालेली, आणि या महाकाय पेशी अर्ध्या वाढीवरच खुंटलेल्या आढळल्या.

आता, प्लेटलेटचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असल्यामुळे आवक बंद पडली तरी शिल्लक तत्काळ संपत नाही. पुढे रक्तातील प्लेटलेटचाही नाश होऊ लागतो, आणि आकडा तळाला पोचतो तो बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे मज्जा पुन्हा भरू लागलेली असते तेव्हा. मग एक-दोन दिवसांत तो आपसूक चढतो आणि श्रेयाचा दाखला मिळतो पपईच्या पानांच्या रसाला.

केवळ आकड्याच्या धास्तीने प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी मुंबई-पुण्याकडे धाव घेणे मला म्हणूनच अप्रस्तुत वाटते. खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा, आणि तोही ताप ओसरतानाच; नेमका त्याच वेळी आपला रोगी बरे वाटले म्हणून भातकापणीला उतरतो. अशा वेळी पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले किंवा हातपाय गार पडले, तर आकडा कितीही असो, त्याला विनाविलंब तालुक्याच्या रुग्णालयात न्यावे. आणि तापावर ॲस्पिरिन अथवा आयब्युप्रोफेन न देता डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच द्यावे.