मोडलेले पाऊल



वसंत व्याख्यानमालेत कोणी संतवाङ्मयावर बोलतात, कोणी अर्थकारणावर. मी आज पायाच्या करंगळीमागच्या एका हाडावर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा चिटणीसांना हसू आले. परंतु आपल्या शरीरातील 206 हाडांपैकी 52, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, दोन पावलांत आहे. मग वर्षातून एक संध्याकाळ त्यांना दिली तर बिघडले कुठे?

मी डॉक्टर आहे, आणि ही कथा माझ्या फजितीची आहे. एके रात्री घराच्या पायरीवरून उतरताना माझा पाय आत मुरगळला. पाऊल सुजले, बाहेरची कड काळीनिळी पडली. मी स्वतःच निदान केले, "लचक आहे." पट्टा बांधला आणि दहा दिवस रुग्ण तपासत हिंडलो. अकराव्या दिवशी क्ष-किरण चित्र काढले, तो हाड मोडलेले!

याहून लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. लिव्हरपूलचे शल्यवैद्य रॉबर्ट जोन्स यांचेही हेच हाड नाचताना पाय मुरगळून मोडले होते. त्यांनी ते चाचपले, चित्र काढवले, आणि अशाच आणखी काही रुग्णांसह 1902 साली त्यावर निबंध लिहिला. ते मोडणे आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी आपल्या दुखण्यातून शास्त्राला भर घातली; मी माझ्या दुखण्यातून फक्त दुखणे वाढवले.

आता आपण आपल्या पावलाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर एक उंचवटा लागेल. करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाचे ते मूळ. पाय मुरगळतो तेव्हा इथे बांधलेले स्नायूबंध ताणले जाऊन कधीकधी हाडाचा टवका उडतो. हे मोडणे त्या मानाने सौम्य. जाड तळाचे पादत्राण घालून, सोसेल तितके चालत, बहुतेक लोक दीड-दोन महिन्यांत कामाला लागतात.

पण त्याच हाडावर जेमतेम बोटभर पुढे भेग पडली, तर गोष्ट निराळी. त्या जागी रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असतो. सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक, पाय टेकायचा नाही असे सांगावे लागते. तरीही कधी हाड सांधत नाही आणि स्क्रू घालावा लागतो. एकच हाड, बोटभराचे अंतर, आणि उपचार वेगळा! म्हणून "शेजाऱ्याचा पाय पंधरा दिवसांत बरा झाला" हा दाखला आपल्या पायाला लावू नये.

तिसरा प्रकार कोठेही न पडता होतो. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले. राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधल्यानंतर कळले की, ती हाडेच चालून चालून भेगाळत होती. सवय नसता एकाएकी लांब चालू लागणाऱ्या कोणालाही हे होऊ शकते. पहिल्या चित्रात ती भेग पुष्कळदा दिसतही नाही.

मग ओळखायचे कसे? तो उंचवटा दाबला असता कळ येत असेल, किंवा चार पावलेही टाकवत नसतील, तर चित्र काढून घ्यावे. चालता येते म्हणजे हाड शाबूत आहे असे मात्र समजू नये. मी दहा दिवस चाललोच होतो. मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी तर दुखत नसले तरी सुजलेले, गरम लागणारे पाऊल लगेच दाखवावे. आणि निदान होईपर्यंत त्यावर मालिश करू नये.

आता बरे होण्याविषयी. जोन्स यांचे आप्त ह्यू ओवेन थॉमस हे हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्यांचा आग्रह असा की विश्रांती पूर्ण, अखंड आणि दीर्घ हवी. त्याच काळात फ्रान्समध्ये शाँपिओन्येर सांगत होते की, हालचाल हवी. खरे कोण? मला वाटते, दोघेही, आपापल्या वेळी. आधी मोडलेल्या जागी रक्ताची गाठ होते, तिच्यात कोवळे हाड धरते, मग ते टणक होते. ही जुळणी चालू असताना हिसके बसू नयेत. पण नंतर हाडाला भार हवाच. भाराशिवाय ते पक्के होत नाही. तंबाखू, बिडी आणि मिश्री या कामात अडथळा आणतात, हेही सांगून ठेवतो.

प्लास्टरमध्ये बोटे निळी पडली, बधिर झाली, किंवा पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाएकी धाप लागली तर तासभरही थांबू नये. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. प्लास्टर निघाले की पोटरी वाळलेली आणि घोटा आखडलेला दिसतो, घाबरू नये. संध्याकाळची सूज काही महिने राहते. मात्र मोडल्या जागीच नेमकी कळ येऊ लागली, तर पुन्हा दाखवावे.

शेवटी एक कबुली. अखेर मी आठ आठवडे खुर्चीत बसलो. चहा हातात येत होता, पायाखाली उशी होती. एके दिवशी सौभाग्यवती सहज म्हणाली, "माझा मोडला असता तर?" मला उत्तर सुचले नाही. माझ्याकडे अशा कितीतरी भगिनी आल्या होत्या. त्यांना मी "पाय टेकू नका" असे सांगितले, आणि घरी पाणी कोण भरणार, पोळ्या कोण लाटणार, हे कधी विचारले नाही. हाड जुळले नाही की मी म्हणे, "तुम्ही ऐकले नाही." खरे म्हणजे घराने ऐकले नव्हते, आणि घराला मी सांगितलेच नव्हते.

आता मी नवऱ्याला, मुलाला आत बोलावतो आणि सूचना त्यांना देतो. विश्रांती हे औषध आहे. पण ते रुग्णाला एकट्याने घेता येत नाही, घरच्यांनी ते द्यावे लागते. एवढे आपण आपापल्या घरी नेलेत, तर माझे मोडलेले हाड कारणी लागले असे मी समजेन.