गच्चीवरील हीट पंप आणि त्याची निर्धोक जोडणी



या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण आणि काव्यशास्त्र यांना जो मान आहे तो तारा, नळ्या आणि नटबोल्ट यांच्या वाट्याला सहसा येत नाही. तथापि आपल्या गावातील इस्पितळे, वसतिगृहे आणि हॉटेले यांच्या गच्च्यांवर हीट पंपाची धिप्पाड बाह्ययंत्रे दिवसेंदिवस अधिक दिसू लागली असताना, ती तिथे कोण आणि कशी बसवतो याविषयी सुशिक्षित समाजाने अगदीच अनभिज्ञ राहावे हे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून आजचा हा विषय मी आग्रहाने मागून घेतला.

विहिरीतून मोट ओढणारे बैल पाणी निर्माण करीत नाहीत, असलेले पाणी केवळ वर आणतात. हे यंत्रही उष्णता उत्पन्न न करता बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आत आणते, आणि म्हणूनच अनुकूल हवामानात एक युनिट वीज खर्चून तीन किंवा चार युनिटांइतकी उष्णता हाती लागते. लॉर्ड केल्व्हिन यांनी 1852 मध्येच ही कल्पना मांडली होती आणि झुरिकच्या नगरसभागृहाला 1938 पासून लिमत नदीच्या पाण्यातून काढलेली उष्णता मिळू लागली. तत्त्व जुने आहे, सिद्ध आहे, आणि त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती अंदाजपत्रकाविषयी. ठेकेदाराने सादर केलेल्या अशा कोणत्याही कागदात तांब्याच्या नळीचा, केबलीचा आणि लोखंडी चौकटीचा दर असतो, मजुरीही असते. परंतु या कामात केवळ थांबून राहण्याचे जे अनेक तास आहेत त्यांची नोंद बहुधा कोठेही नसते. ज्याची किंमत मिळत नाही ते काम गाळले जाते, आणि या यंत्राची सुरक्षितता तर नेमकी त्या थांबण्यात आहे.

प्रथम जागेविषयी थोडक्यात. आपल्याकडील गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातलेला असतो. त्यातून थेट बोल्ट ठोकला की पुढच्या आषाढात खालच्या खोलीचे छत गळू लागते, म्हणून ओटा बांधून त्यावर कंपन शोषणारे रबरी पॅड बसवणे श्रेयस्कर. यंत्राने बाहेर टाकलेली हवा फिरून त्याच्याच तोंडाशी येणार नाही इतके अंतर भिंतीपासून राखावे. उष्णता खेचीत असताना बाहेरील जाळीवर दव साचून पाणी ठिबकते, त्यालाही वाट हवी. समुद्रकिनारी खारी हवा पत्रा, जाळी आणि तारांची टोके सारखीच खाते, तेव्हा गंजरोधक लेपाचा खर्च तिथे चैनीचा म्हणता येणार नाही.

आता विजेकडे वळू. मोठ्या यंत्राला 415 व्होल्टचा तीन फेजचा पुरवठा लागतो, आणि अशा यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग देण्याची तरतूद 1956 च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आली आहे. तरीही एकच तार दोन बोल्टांना गुंडाळून दोन अर्थिंगांचा आभास निर्माण करण्याची चतुराई अनेक ठिकाणी आढळते. पाण्याच्या नळाला किंवा वीजवाहकाच्या पट्टीला अर्थिंग जोडणे तर सर्वथा वर्ज्य. केबलीचा आकार ठरवताना कोष्टकातला आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही, कारण वैशाखातल्या तापलेल्या गच्चीवर, इतर केबलींच्या जुडग्यात बांधलेली केबल आपला पूर्ण भार वाहू शकत नाही. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलाला जोडायची असल्यास दोन्ही धातूंचा लग वापरावा. नाही तर सांधा हळूहळू खराब होतो, तापतो, आणि एके दिवशी पॅनेलातून धूर येतो. यंत्राजवळ, दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, आयसोलेटर हवा आणि त्याला कुलूप लावण्याची सोय हवी, म्हणजे वर माणूस काम करीत असता खाली दुसऱ्याने अनवधानाने खटका वर केला असे घडणार नाही.

तीन फेजांतील दाब समान आहे की नाही हे मीटर लावून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु थेट पुरवठ्यावर चालणाऱ्या मोटरीत साडेतीन टक्क्यांची विषमता सुमारे 25 टक्के अधिक तापवाढ घडवते, हे ज्याला ठाऊक आहे तोच ती मिनिटे खर्च करतो. फेजांचा क्रम चुकला तर, संरक्षक रिले नसल्यास, कॉम्प्रेसर उलटा फिरून खडखडाट करू लागतो. याहून हमखास होणारे नुकसान म्हणजे आतील आणि बाहेरील यंत्रांत निरोप वाहणाऱ्या बारीक तारांच्या टर्मिनलावर चुकून मुख्य वीज जोडणे. त्यात इलेक्ट्रॉनिक पाटी तत्क्षणी जळते आणि मग दोष कोणाचा याचा पंचनामा महिनोन्महिने चालतो.

परंतु सर्वांत फसवा धोका बंद केलेल्या यंत्रात असतो. इन्व्हर्टरच्या यंत्रात 415 व्होल्टचा पुरवठा एकदिश केला जातो, त्याचा दाब 580 व्होल्टच्या आसपास भरतो, आणि तो मोठ्या कपॅसिटरांत साठून राहतो. खटका पडला, पंखा थांबला, दिवा विझला, तरी हा साठा लगेच ओसरत नाही. म्हणून उत्पादक बहुधा दहा मिनिटे थांबण्यास सांगतात. मी म्हणेन, दहा मिनिटे थांबावे आणि त्यानंतरही मीटरने प्रत्यक्ष मोजूनच हात घालावा, कारण साठा रिकामा करणारा रोधकच निकामी झालेला असू शकतो. अनुभवी वायरमन येथेच फसतो. नवख्याला भीती तरी असते.

नळ्यांचे कामही असेच धीर मागते. झाळकाम करताना नळीतून नायट्रोजन संथ वाहता ठेवला नाही तर आत तांब्याची काळी पापडी धरते आणि ती पुढे झडपांत अडकते. गळतीची परीक्षाही नायट्रोजननेच करावी. ऑक्सिजन भरणे म्हणजे तेलाशी गाठ घालून स्फोटाला आमंत्रण देणे होय. आर-410ए या शीतक वायूवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रणेत परीक्षेचा दाब सुमारे 40 बारपर्यंत नेऊन चोवीस तास ठेवतात. रात्री हवा थंड झाली की दर अंशामागे दाब साधारण एक दशांश बारने उतरतो, तेव्हा तापमानाची नोंद नसलेल्या परीक्षेला अर्थ नाही. नंतर निर्वात पंप लावून ओलावा काढायचा. पावसाळ्यात कोकणात हे काम अधिकच रेंगाळते, परंतु राहिलेला ओलावा आजच्या कृत्रिम तेलाशी मिळून आम्ल बनवतो आणि कॉम्प्रेसरची गुंडाळी खातो. आर-32 वापरलेल्या यंत्राजवळ तर ज्योत पेटवण्यापूर्वी विचार करावाच लागतो, कारण तो वायू सौम्य का होईना ज्वलनशील आहे आणि हवेहून जड असल्याने खोलगट जागी साचतो.

शेवटची प्रतीक्षा प्रारंभापूर्वीची. कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला द्रव वायू उडून जावा म्हणून त्याच्या तळाशी असलेला हीटर आधी किमान सहा तास, आणि काही उत्पादकांच्या मते बारा तास, चालू ठेवावा लागतो. उद्घाटनाला पाहुणे येऊन बसलेले असताना ही सबब कोणालाही ऐकवत नाही, म्हणून यंत्र तसेच सुरू केले जाते आणि बिघाडाचे खापर पुढे कारखान्यावर फुटते.

माझी सूचना साधी आहे. संस्थेच्या चिटणिसांनी निविदा काढताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराची अट तर घालावीच, त्याखेरीज दाबपरीक्षेचे चोवीस तास, निर्वात करण्याचा वेळ आणि हीटरचे बारा तास ही स्वतंत्र कलमे म्हणून लिहावीत, त्यांना दर द्यावा, आणि प्रत्येकाची आरंभ व समाप्तीची वेळ, तापमान, दाब, तसेच अर्थिंगच्या रोधाचा आकडा सहीनिशी नोंदवलेला कागद हाती आल्याखेरीज अखेरचा हप्ता अदा करू नये. त्या कागदाची एक प्रत दप्तरात राहील आणि दुसरी पॅनेलच्या दाराच्या आत लावावी, कारण सात-आठ वर्षांनी जो वायरमन तिथे येईल त्याला पहिल्या वायरमनचा पत्ता बहुधा मिळणार नाही.