माशांच्या पेटीवरची गळती
(मंडळाच्या वर्धापनदिनी उरवडे येथे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे चार शब्द माझ्याकडून ऐकावयास मिळतील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. घरात जे रोज करते, हाताने मोजते, तेवढेच सांगणार आहे.

हल्ली पुष्कळ घरांत माशांची काचपेटी आलेली आहे. मुले हट्ट करतात, वडील पिरंगुटहून नाहीतर पुण्याहून पेटी आणतात, आणि आठ दिवस सारे घर तिच्यासमोर बसते. नवव्या दिवसापासून तिचे पाणी बदलावयाचे काम कोणाकडे येते, ते मी सांगावयास नको. हौस मुलांची आणि बादली आईची!

माशांची हौस काही आजची नव्हे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले, तेव्हापासून किती तरी मराठी घरांतील मुले काचेला नाक लावून मासे बघत आली. परंतु घरच्या पेटीचे शास्त्र मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पाणी स्वच्छ दिसते, म्हणजे ते चांगले आहे, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. पेटीतील वाळूवर व जाळीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशांना जहाल. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साचत जाते. पेटीत वनस्पती असतील तर त्या थोडे शोषून घेतात. बाकीचे जावयाचे तर पाणीच बदलावे लागते.

मग आपण काय करतो? पंधरा दिवस पाहात नाही, आणि एका रविवारी पेटी रिकामी करून घासूनपुसून भरतो. ओळखीच्या एका घरी असे सारे पाणी बदलले आणि संध्याकाळपर्यंत सगळे मासे पालथे झाले. कारणे दोन. पंचायतीच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असते. आपल्या पोटासाठी ती आवश्यकच आहे, पण तिच्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. आणि दुसरे, उन्हाचे, थंडीचे, खाऱ्यागोड्याचे बदल माशाला एकदम सोसत नाहीत. आपल्यालाही तापलेल्या अंगावर गार पाण्याची घागर कोणी ओतली तर चालेल का?

यावर उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला आहे. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र असते. वैशाखात तुळशीवर आपण गळती बांधतो. मडक्याला बारीक भोक, त्यात वात, आणि थेंब थेंब पाणी. तुळस भिजते, वाहून काही जात नाही. तीच गळती माशांच्या पेटीवर बांधावयाची.

आता कृती सांगते. आमची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वरची दोन इंच जागा रिकामी ठेवली, तेव्हा पाणी सुमारे 45 लिटर बसते. पाच लिटरचा पाण्याचा प्लास्टिकचा कॅन घेतला, बूड कापून उलटा केला आणि पेटीच्या वर भिंतीतल्या खुंटीला पक्का टांगला. वरून स्वच्छ फडके घट्ट बांधले, म्हणजे डासाला अंडी घालावयास जागा नको. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा, बंद पाकिटातला संच आणला. वापरलेला संच घरात कदापि आणू नये, आणि सोबत सुई असेल तर ती आधी काढून टाकावी. संचाचे टोकदार तोंड कॅनच्या झाकणात त्याच मापाच्या भोकात घट्ट बसवले. खालच्या नळीचे टोक पेटीतल्या पाण्याच्या चार बोटे वर ठेवले, म्हणजे थेंब डोळ्यांना दिसतो.

नळीवरचे लहान चाक फिरवले की थेंब कमीजास्त होतो. पाकिटावर 20 थेंबांचा एक मिलिलिटर असे छापलेले असते, तो संच घ्यावा. सेकंदाला एक थेंब धरला तर मिनिटाला 3 मिलिलिटर, तासाला 180, आणि दिवसरात्र मिळून 4 लिटर 320 मिलिलिटर. म्हणजे रोज एक लहानशी कळशी! कॅनमधले पाणी उतरले की थेंब मंद होतो, म्हणून सकाळी चाक किंचित मोकळे ठेवावे आणि संध्याकाळी पुन्हा मोजावे. घड्याळासमोर एक मिनिट उभे राहिले की झाले.

पाणी पडते तेवढे बाहेर गेले पाहिजे. काचेला भोक पाडणे आपले काम नव्हे, काही काचा त्याने फुटतात. पेटीच्या बाहेर एक डबा टांगावा आणि पेटीत पाणी जेथवर हवे, त्याच उंचीवर डब्याला भोक पाडावे. पाण्याने भरलेल्या नळीचे एक टोक पेटीत व दुसरे डब्यात, दोन्ही बुडालेली ठेवावी. पेटीत पाणी वाढले की डब्यात येते आणि भोकातून वाहते. पातळी बरोबर झाली की आपोआप थांबते. पेटीतल्या टोकाला जाळीचे फडके बांधावे, नाहीतर पिल्ले वाहून जातील. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर वाहणे बंद पडते, म्हणून रोज नजर टाकावी. त्यातूनही राहिलेच, तरी कॅनमध्ये साडेचार लिटरच असते आणि रिकाम्या दोन इंचांत सुमारे नऊ लिटर मावते. जमीन ओली व्हावयाची नाही.

कॅनमध्ये घालावयाचे पाणी आदल्या संध्याकाळी तोंडावर विरळ फडके बांधून उघड्या भांड्यात ठेवावे, क्लोरीन पुष्कळसा उडून जातो. उरलेला थेंबाथेंबाने इतक्या पाण्यात मिसळतो की बाधत नाही. वीज गेली तरी ही गळती चालूच राहते.

मात्र गळती म्हणजे सर्व काही नव्हे. आठवड्यात 30 लिटर पाणी पडले, तरी नवे पाणी जुन्यात मिसळून थोडे बाहेरही जाते, त्यामुळे जुने जवळजवळ निम्मे राहतेच. म्हणून मासे बेताचे आणि खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच. तळाचा गाळ आठवड्यातून एकदा नळीने ओढावा. जाळी नळाखाली धुऊ नये, पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात विसळावी, म्हणजे उपयोगी जिवाणू मरत नाहीत.

आता खरा प्रश्न. एक मावशी मला म्हणाल्या, “अगं, चैत्र-वैशाखात माणसांना पाणी पुरत नाही, आणि तू माशांना गळती लावतेस?” मावशींचे बोलणे मला पटते. हा मुळशी तालुका आहे. धरणाच्या पाण्याखाली घरे-शेते जाऊ नयेत म्हणून येथल्या मावळ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, आणि त्यात बायकाही मागे राहिल्या नाहीत. अशा तालुक्यात पाण्याचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येकीला आहे. तो हिशेब मी देते.

बाहेरच्या डब्याखाली बादली आहे. दिवसाकाठी तिच्यात चार लिटर जमते. ते अळूला, कढीपत्त्याला आणि दुधीच्या वेलाला जाते. ही झाडे मी पूर्वीही पाणी घालूनच वाढवीत होते. आता तेच पाणी आधी माशांकडून होऊन येते, आणि येताना नत्राचे खत घेऊन येते. जास्तीचा एक तांब्याही खर्च होत नाही. आणि माझ्या कमरेचे म्हणाल, तर रविवारी पंचवीस लिटर उचलून ओतण्याऐवजी रोज एक कळशी उचलावी लागते, आणि तीही आता मुलगा उचलतो. हौस ज्याची, कळशी त्याची, असा नियमच घातला आहे!

एक विनंती. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खाते ते टाक्यांत सोडावयास देते. पण हौसेचे मासे कंटाळा आला म्हणून ओढ्यानदीत सोडू नयेत. ते परदेशचे पाहुणे आहेत. आपल्या ओढ्यातले मूळचे मासे त्यांच्यापुढे हटतात.

ज्यांना गळती बांधावयाची असेल त्यांनी पुढच्या गुरुवारी दुपारी घरी यावे, हाताने करून दाखवीन. पेटी नसेल त्यांनी नुसती बादलीची युक्ती पाहावयास यावे.