चढ, गुडघे आणि सायकलचें दंतचक्र

भंडारा जिल्ह्याचें नांव काढलें कीं डोळ्यांपुढें तळीं आणि भाताच्या बांध्या उभ्या राहतात. परंतु याच जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यांत, नाकाडोंगरी हें गांव आहे. त्याच्या नांवांतच डोंगरी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या या बाजूस रानासकट सपाटीला येऊन मिळतात. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी याच तालुक्यांतल्या. या मुलुखांत सायकलवर बसणाराला सपाट रस्ता आणि चढउतार या दोहोंशीं गांठ घालावी लागते.

अशा गांवांतील एखाद्या तरुणास हलकी, वेगवान रोड सायकल घ्यावीशी वाटली तर त्यांत नवल कांहींच नाहीं. २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिका खंड आडवा ओलांडण्याची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीनें पुरी केली. २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें, बारा दिवसांच्या मुदतीच्या आंत पार पाडली. नागपूर भंडाऱ्याच्या शेजारचें. शेजारच्या घरीं दिवा लागला म्हणजे त्याचा उजेड आपल्या अंगणांत पडतोच.

तरुण दुकानांत जातो. रंग ठरतो, किंमत ठरते, आणि मग एक प्रश्न निघतो : क्रँक कोणता? मोठ्या चक्रांचा कीं कॉम्पॅक्ट? बरोबरचा मित्र म्हणतो, “लहान चक्र म्हाताऱ्यांसाठीं. घ्यायचें तर मोठेंच घे.” तरुण मोठें घेतो. पुढें एखाद्या उन्हाळ्यांत त्याचे गुडघे दुखूं लागतात आणि महिन्याच्या पगारांतून पैसा पैसा सांठवून घेतलेली सायकल भिंतीला टेकून राहते. हें टाळावयाचें असेल तर थोडें गणित आणि थोडा विवेक एवढ्यानें काम भागतें.

क्रँक म्हणजे पेडलांचे दोन दांडे आणि त्यांस जडलेलीं पुढचीं दंतचक्रें. शर्यतीच्या सायकलीस रूढीनें ५३ आणि ३९ दांत्यांचीं दोन चक्रें असत. कॉम्पॅक्ट क्रँकमध्यें हीच जोडी ५० आणि ३४ दांत्यांची असते. दोहोंच्या मधली ५२ आणि ३६ अशीही एक जोडी मिळते. पुढच्या चक्राचे दांते मागच्या चक्राच्या दांत्यांनीं भागावे आणि भागाकारास चाकाच्या परिघानें गुणावें, म्हणजे पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल किती पुढें सरकते तें कळतें. रोड सायकलच्या चाकाचा परीघ सुमारें २.१ मीटर असतो. पुढें ३९ आणि मागें २५ दांते असतां एका फेऱ्यास ३.२८ मीटर अंतर पडतें. पुढें ३४ आणि मागें २८ असतां २.५५ मीटर.

हा पाऊण मीटरचा फरक सपाटीवर कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं. चढावर मात्र तोच सर्व कांहीं ठरवितो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन आहे आणि रस्ता शंभर मीटरांस दहा मीटर चढतो आहे, असें समजावें. पेडलाचा दांडा १७० मिलिमीटरांचा धरला तर केवळ चढ जिंकण्यासाठीं पहिल्या जोडीवर पेडलाला सरासरी साडेचोवीस किलोंचा जोर सतत लावावा लागतो. दुसऱ्या जोडीवर तो एकोणीस किलोंवर येतो. शिवाय पेडल वर आणि खालीं असतां पायाचा जोर जवळजवळ वायां जातो, म्हणून मधल्या टप्प्यांत तो सरासरीच्या कितीतरी वर चढतो. हा सारा भार गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर येतो, आणि पेडलाचे फेरे जितके मंद तितका प्रत्येक फेऱ्याचा भार अधिक. मिनिटास ६० फेरे या गतीनें चालावयाचें तर ३९ आणि २५ च्या जोडीस ताशीं जवळजवळ १२ किलोमीटरांचा वेग राखावा लागतो. दहा टक्क्यांच्या चढावर तो राखणारे थोडे. लहान जोडीस ताशीं नऊ किलोमीटर पुरतात. दम राहतो आणि गुडघाही वांचतो.

एवढें उघड असतां लहान चक्राची लाज कां वाटावी? या लाजेला मोठा इतिहास आहे. फ्रान्समधील सेंत-एत्येन गांवच्या पॉल द विवी या गृहस्थानें, जो ‘वेलोसिओ’ या टोपणनांवानें लिहीत असे, विसाव्या शतकाच्या आरंभींच अनेक गिअरांचा पुरस्कार केला होता. परंतु १९०३ सालीं सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांच्या मतें गिअर बदलण्याची सोय उतारवयाच्या माणसांसाठीं होती. त्या शर्यतींत डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या यंत्रणेला, १९३७ सालीं परवानगी मिळाली. तोंपर्यंत आल्प्स पर्वताच्या चढापाशीं स्पर्धकांनीं खालीं उतरावें, मागचें चाक काढून उलटें बसवावें आणि मग पुढें जावें, असा क्रम होता. आज त्या हट्टाचें हंसूं येतें. दुकानांतल्या त्या मित्राचें बोलणें त्याच हट्टाचा धाकटा भाऊ आहे.

लहान चक्रानें सपाटीवरचा वेग बुडतो, ही भीतिही गणितापुढें टिकत नाहीं. ५३ आणि १२ दांत्यांची जोडी एका फेऱ्यास ९.२८ मीटर देते. ५० आणि ११ ची ९.५५ मीटर. म्हणजे मागें ११ दांत्यांचें चक्र असेल तर कॉम्पॅक्टवाला मागें पडत नाहीं. मिनिटास ९० फेरे घेतले तर या जोडीवर ताशीं साडेएकावन्न किलोमीटर वेग होतो. तुमसरच्या रस्त्यावर इतका वेग कोणास हवा असतो? ५० आणि १७ ची जोडी त्याच फेऱ्यांत ताशीं तेहेतीस किलोमीटर देते, आणि हौशी स्वाराला तेवढें पुष्कळ झालें.

तथापि कॉम्पॅक्टमध्यें दोष नाहींत असें नाहीं. ५३ वरून ३९ वर उतरतांना गिअर सुमारें २६ टक्क्यांनीं हलका होतो. ५० वरून ३४ वर उतरतांना ३२ टक्क्यांनीं. पाय एकदम मोकळे फिरूं लागतात आणि त्याच वेळीं मागचीं दोन-तीन चक्रें बदलून लय सांवरावी लागते. जेथें क्षणांत चढ आणि क्षणांत उतार असा रस्ता आहे तेथें हें कंटाळवाणें होतें. अशा स्वारास ५२ आणि ३६ ची मधली जोडी अधिक रुचते.

ज्याच्यापाशीं मोठ्या चक्रांची सायकल आधींच आहे त्यानें घाईनें क्रँक बदलूं नये. ३९ दांत्यांच्या चक्रापुढें मागें ३२ दांत्यांचें चक्र घातलें तर मिळणारा गिअर ३४ आणि २८ च्या जोडीइतकाच हलका असतो, आणि मागच्या चक्रांचा संच बहुधा क्रँकहून स्वस्त पडतो. मात्र मागचा डिरेलर ३२ दांते पेलतो कीं नाहीं आणि साखळी पुरते कीं नाहीं, हें कारागिराकडून आधीं पाहून घ्यावें. क्रँकच बदलावयाचा ठरला तर त्याच्या बोल्टांचें वर्तुळ मोजावें. १३० मिलिमीटरांच्या जुन्या क्रँकवर ३४ दांत्यांचें चक्र बसतच नाहीं. त्यास ११० मिलिमीटरांचें वर्तुळ लागतें. मोठें चक्र लहान झालें म्हणजे पुढचा डिरेलरही थोडा खालीं घ्यावा लागतो. नाहींतर साखळी वारंवार पडते.

मग नाकाडोंगरीच्या तरुणानें काय करावें? कसोटी सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाहीं. दिवसभर सायकल चालवून थकल्यावर, ओळखीच्या सर्वांत अवघड चढावर, बसल्या जागीं एका मिनिटांत पेडलाचे किती फेरे होतात तें मोजावें. सर्वांत हलक्या गिअरवरही ते साठाच्या खालीं गेले तर त्याहून हलका गिअर हवा, असें समजावें. ज्याचें जाणेंयेणें तुमसरच्या सपाटीपुरतेंच आहे त्याला कोणताही क्रँक चालेल. ज्याच्या मनांत चिखलदऱ्याचा घाट आहे, किंवा मुंबई-पुणें शर्यतींतला ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्याच्या स्वप्नांत येतो, त्यानें लहान चक्राला नांवें ठेवूं नयेत.

‘रेस अक्रॉस अमेरिका’ शर्यतीचा मार्ग रॉकी पर्वतावरून, तीन हजार मीटरांहून उंच खिंडींतून जातो. तेथें पोहोंचलेल्या स्वाराला त्याच्या चक्रास दांते किती, असें कोणी विचारीत नाहीं. नाकाडोंगरीच्या टेकडीवरही हाच न्याय आहे. सकाळीं चढून गेलेला मुलगा संध्याकाळीं हंसत घरीं यावा, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां निघण्याची उमेद त्याच्या पायांत शिल्लक असावी, एवढ्यासाठीं चार दांते कमी घेण्यांत कमीपणा नाहीं.