दात, खर्रा आणि सहाव्या वर्षी येणारी दाढ

(एटापल्ली तालुक्यातल्या आरोग्य शिबिरांना मदत करणाऱ्या सभासदांच्या मेळाव्यात आमच्या दंतवैद्य भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही शिबिराला औषधे पाठवता, ब्लँकेटे पाठवता आणि दर वेळी विचारता, बाई, आणखी काय पाठवू? त्याचे उत्तर आज देणार आहे, पण आधी तिकडची तोंडे कशी दिसतात ते ऐका. मलेरिया आणि सर्पदंश असलेल्या जिल्ह्यात दातांचे काय मोठेसे, असे पुष्कळांना वाटते. मात्र ज्याचा दात ठणकतो तो जेवत नाही, झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशी मजुरीला जात नाही. दंतवैद्य गाठायचा तर अहेरी, नाहीतर थेट गडचिरोली. गावातून निघालेल्या माणसाचा त्यात एक दिवस जातो, कधी दोन.

सूरजागडच्या डोंगराभोवतालच्या गावांतून माडिया आजी-आजोबा तपासणीला येतात. त्यांच्या दाढा झिजून सपाट झालेल्या असतात, पण कीड फार कमी. जन्मभर कोसरीचा भात, आंबील, रानभाजी आणि सकाळी कडुनिंबाची नाहीतर करंजाची काडी. त्याच घरातल्या नातवाने तोंड उघडले की पुढचे चार दात काळे. हा फरक काही रक्तातून आलेला नाही. खाणीमुळे रस्ता आला, रस्त्यावर ट्रक आले आणि ट्रकांमागे टपऱ्या आल्या. खाण असावी की नसावी हा आजचा विषय नाही. टपरीला काय टांगलेले असते एवढेच मी पाहते: पाच रुपयांची बिस्किटे, गोळ्या, रंगीत सरबताच्या पिशव्या आणि खर्रा.

साखरेचे गणित समजून घ्या. दातांवरच्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दातावरचे कठीण आवरण विरघळवते. पुढे अर्ध्या-पाऊण तासात लाळ ती झीज थोडीफार भरून काढते. म्हणजे जेवणासोबत एकदाच गोड खाल्ले तर दाताला सावरायला वेळ मिळतो. तेच गोड दिवसभर थोडे थोडे चघळले तर मिळत नाही. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दाताला जास्त लागते. आपल्या घरी दिवसातून सहा वेळा गोड चहा पिणारे आहेत ना, त्यांनाही हेच लागू. वाळवलेले मोहफूल गोड आणि चिकट असते, ते मुले पूर्वीपासून खातात. पण ते हंगामापुरते, आणि वर पाणी पितात. टपरी बारा महिने उघडी असते.

आता खर्रा. पुण्या-मुंबईकडून आलेल्या सभासदांना हा शब्द नवा असेल, नागपूर-चंद्रपूरकरांना सांगायला नको. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोट घोट घोटतात आणि पुडी करून देतात. माणूस ती गालात धरून तासन् तास बसतो. पाहुण्यापुढे पाण्याआधी खर्रा ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. आईने तोडून दिलेला तुकडा चघळणारी लहान मुले पाहिली आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण घोटलेला खर्रा गावोगाव राहिला. २०१६ पासून ‘सर्च’ संस्थेचे ‘मुक्तिपथ’ अभियान जिल्ह्यात दारू-तंबाखूविरुद्ध गावे संघटित करत आहे. गावातल्या बायकांनी ठरवले तर टपरीवरचा खर्रा बंद होतो, हे त्या कामातून दिसले आहे.

पुष्कळांचा समज असा की दोष फक्त तंबाखूचा, सुपारी निरुपद्रवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालाचे आतले कातडे हळूहळू कडक आणि पांढुरके होते. आधी तिखट झोंबू लागते. तरुण पोरगा म्हणतो, “मॅडम, भाजी तिखट लागते, बाकी काही नाही.” मग तोंड कमी उघडते. एक परीक्षा सांगते, आज घरी गेल्यावर करा. आपली मधली तीन बोटे उभी एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही बोटे सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर डॉक्टरकडे जा. हे कडक झालेले कातडे पुन्हा पहिल्यासारखे मऊ होत नाही. सुपारी सोडली तर आजार तिथे थांबण्याची आशा असते, चालू ठेवली तर काही जणांत त्याचा कर्करोग होतो. पांढरा किंवा लाल चट्टा, आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती दुखो वा न दुखो, दाखवलीच पाहिजे. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही, आणि घात तिथेच होतो.

बायकांमध्ये खर्ऱ्याइतकीच नस आहे, आणि छत्तीसगडच्या बाजूने येणारा गुडाखू. पश्चिम महाराष्ट्रात मशेरी म्हणतात ती याच जातीची. तंबाखूची पूड किंवा गुळात मळलेला तंबाखू बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायचा. सुरुवात कशी होते विचारले तर दहातल्या बऱ्याच जणी एकच सांगतात: “दात दुखत होता, सासू म्हणाली नस लाव.” तंबाखूने हिरडी बधिर होते, दुखणे थोडे कमी वाटते, कीड मात्र आत पोखरत राहते. दात गेला तरी नस राहते. दिवसातून चार वेळा, गरोदरपणातसुद्धा, आणि तेव्हा बाळाचे वजन कमी भरण्याची भीती असते. तंबाखूने हिरड्यांचे रक्त येणेही कमी होते, म्हणून बाईला वाटते हिरड्या बऱ्या झाल्या. म्हणून मी शिबिरात “नस सोडा” असे आधी म्हणत नाही. आधी दुखणारा दात काढते किंवा भरते, मग नसेचा विषय काढते. नुसत्या उपदेशाने ठणका थांबत नाही.

असाच आणखी एक उपाय म्हणजे वेदनेची गोळी दातापाशी दाबून धरणे. ॲस्पिरिनने हिरडी भाजते, पांढरी सालपटे निघतात. गोळी गिळायची असते, तीही विचारून. आणि उन्हाळ्यात तेंदूच्या हंगामात पाहा, सत्तर पानांचे पुडके बांधायला लागणारा वाक बायका दातांनी सोलतात, दिवसभर. पुढच्या दातांना खाचा पडतात. आपल्याकडे तेच काम बाटलीचे झाकण आणि दुधाची पिशवी करते.

पुढे एक सावधगिरीची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. ते मळाने झालेले नसतात. दात जबड्यात घडत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत, ते पाणी पोटात गेल्याने होतात. घासून जात नाहीत. अशा मुलाला चारचौघांत “दात घासत नाहीस का रे” म्हणू नका. तो हसायचे सोडतो. तिथे खरा उपाय पाण्याचा स्रोत बदलण्याचा. बाकी गावांत मात्र टूथपेस्टमधला फ्लोराइड कीड रोखतो, म्हणून तो हवाच.

आणि सहाव्या वर्षी येणारी दाढ. सर्वांत मागे, दुधाचा एकही दात न पाडता, ती गुपचूप उगवते. आईबाप समजतात दुधाची आहे, पडेल. ती जन्माची असते. आठव्या-नवव्या वर्षीच ती काढावी लागलेली मुले आम्हाला प्रत्येक शिबिरात भेटतात. तुमच्या नातवंडांच्या तोंडात आज बॅटरी घेऊन पाहा.

घासण्याबद्दल थोडेच सांगते. सकाळपेक्षा रात्रीचे घासणे महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. ब्रश मऊ असावा, हात हलका असावा. जोरात घासून दात पांढरा होत नाही, हिरडी मात्र खाली सरकते. राखुंडी आणि विटेची भुकटी बंद. चिंच-लिंबू खाल्ल्यावर लगेच घासू नका, चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. पेस्ट थुंका, पण नंतर खळखळून चुळा भरू नका, थोडा फ्लोराइड दातांवर राहू द्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मोठ्याला वाटाण्याएवढी. काडीने नीट घासणाऱ्या आजीच्या हातातली काडी काढून घेऊ नका. तिचे दात तुमच्या-माझ्यापेक्षा बरे आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. नाताळाच्या पाकिटात चॉकलेटे आणि क्रीमची बिस्किटे घालू नका, फुटाणे-शेंगदाणे घाला. लहान मुलांचे मऊ ब्रश पाठवा, आणि पेस्ट पाठवताना डब्यावर फ्लोराइड १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेले पाहून घ्या. लवंगी चवीची, कोळशाची, फेसाळ असली तरी हा आकडा नसेल तर आमच्या उपयोगाची नाही. एका घराला एक ब्रश गेला तर घरातले सगळे तोच वापरतात, म्हणून माणशी एक मोजा. जे स्वयंसेवक बरोबर येणार आहेत त्यांनी खिशातली सुपारी आणि पुडी गाडीत बसण्याआधी इथेच ठेवावी. मुले आमच्या बोलण्यापेक्षा आमच्या गालाकडे आधी पाहतात.

पुढचे शिबिर तेंदूची फळी बंद झाल्यावर, पाऊस लागायच्या आत घ्यायचे आहे. नंतर नाले भरतात आणि गाडी पोचत नाही. ब्रश आणि पेस्टचे खोके त्याआधी पंधरा दिवस कार्यालयात यावे.