कासवाचं ऊन

लखनौच्या चिनहटमधून बोलतोय. निवृत्तीनंतर इथंच घर केलं. ३० जून १८५७ ला हेन्री लॉरेन्सच्या फौजेला मागं हटावं लागलं, ते हेच चिनहट. त्यावर पुन्हा कधीतरी. आज कासवाच्या पेटीत कोणते दिवे लावायचे, एवढंच.

मुलाची बदली झाली आणि नातीचं कासव गेल्या नोव्हेंबरात आमच्याकडे आलं. तळहाताएवढं, डोळ्यामागं लाल पट्टा. रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात याला, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. पाठ अंगठ्यानं हलकेच दाबली की दबायची. कडा वर वळलेल्या. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, हाडं विरळ झालीयेत, असंच राहिलं तर हे फार दिवस काढणार नाही. खाणं व्यवस्थित, पाणी स्वच्छ, पेटी खिडकीशी. डोक्यावर दुकानदारानं ‘उन्हाचा दिवा’ म्हणून दिलेला पांढरा एलईडी. मग कमी काय पडलं?

ऊन दोन कामं करतं, आणि ती दोन वेगळी आहेत. एक ऊब. कासवाचं अंग स्वतः ऊब तयार करत नाही. गार कासवाला खाल्लेलं पचतही नाही. दुसरं काम अतिनील-बी किरणांचं. त्यांनी कातडीत ड-३ जीवनसत्त्वाची सुरुवात होते, ते पूर्ण व्हायला पुन्हा ऊब लागते, आणि ड-३ असेल तरच खाण्यातलं कॅल्शियम हाडांत जातं. साधा एलईडी हे किरण देत नाही. आणि खिडकीची काच ते जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे ते पोर रोज उजेडात बसून उपाशी होतं.

पुढं जायच्या आधी एक गोष्ट. तुमच्याकडचं कासव नदीतून किंवा तळ्यातून आणलेलं असेल, तर दिव्याचा विचार सोडा. आपली बहुतेक सगळी देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरात ठेवणं गुन्हा आहे. सरळ वनखात्याला कळवा. आमच्या जवळच कुकरैलच्या जंगलात १९७८ पासून घडियाल केंद्र आहे, तिथं कासवांवरही काम चालतं. आणि उलट बाजू: स्लायडर कंटाळा आला म्हणून गोमतीत सोडू नका. ते तगतं आणि देशी कासवांची जागा, खाणं बळकावतं. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली ती याचसाठी.

आता ऊब. बसायच्या दगडावर ३२ ते ३५ अंश, पाणी २४ ते २६. दोन्हींत फरक हवाच, कारण कासव वर-खाली करून आपलं आपण जमवतं. दगडावर मी साधा ५० वॅटचा हॅलोजन लावला. लाल-निळे ‘रात्रीचे’ दिवे घेऊ नका. रात्री अंधारच हवा. आमच्याकडे जानेवारीत धुकं दुपारपर्यंत हटत नाही, खोलीसुद्धा गारठते, म्हणून पाण्यात थर्मोस्टॅटवाला हीटर लागतो. त्यावर प्लास्टिकची जाळी हवी, नाहीतर कासव धडका मारून काच फोडतं. मे-जूनमध्ये पारा ४३-४४ ला गेला की हॅलोजन बंद. किरणांची नळी मात्र बारा महिने चालू, दिवसाचे दहा-बारा तास.

या नळीतच लोक फसतात. मी टी-फाइव्ह नळी घेतली, मागं चकचकीत पत्रा असलेली. हॅलोजनच्या अगदी शेजारी, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात. दिवे वरूनच हवेत. बाजूनं लावले तर किरण थेट डोळ्यांत जातात. मध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक नको. तारेची जाळीसुद्धा बराच भाग खाते. अंतर किती? ते नळीगणिक बदलतं, डब्यावर दिलेलं असतं, साधारण फूटभर धरा. किरण मोजायचं मीटर मिळतं. पाठीच्या उंचीवर निर्देशांक तीन-चार आला की झालं. मीटर महाग आहे, चौघांनी मिळून घ्यावं.

पारा-वाफेचा एकच मोठा दिवा दोन्ही कामं करतो, ऊब आणि किरण. दुकानदार तोच पुढं करतात. मी नाही घेतला. तापलेला दिवा एकदा विझला की थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, मंदही करता येत नाही. आमच्याकडे वीज दिवसातून चारदा डोळे मिचकावते. हॅलोजन आणि नळी वेगळी असली की एक गेलं तरी दुसरं चालतं.

पाणी आणि वीज शेजारी आहेत, हे विसरू नका. ३० मिलिअँपिअरला तुटणारा स्विच बसवून घ्या. वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोचत नाही. हॅलोजनचा होल्डर चिनी मातीचा हवा आणि दिवा साखळीनं टांगलेला, नुसता चिमट्यावर नको.

खरं ऊन फुकट आहे, जमेल तेव्हा द्या. पण काचेच्या पेटीत नको, ती भट्टी होते. पसरट टब, अर्ध्या भागावर सावली, आणि शेजारी माणूस बसलेला. आमच्याकडे वानरं आणि घारी दोन्ही आहेत. नंतर हात साबणानं धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणूनच अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे.

मार्चपर्यंत पाठ टणक झाली. वळलेल्या कडा तशाच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. नात दर रविवारी व्हिडिओवर पाठ दाबून दाखवायला लावते. नळीवर मार्करनं तारीख लिहिलीय, कारण उजेड तसाच राहतो पण किरण हळूहळू कमी होतात, डोळ्यांना कळत नाही. डिसेंबरमध्ये बदलायची आहे.